'डायल एम फॉर मर्डर'च्या शेवटी किल्लीवरून टोनी नेमका कसा सापडतो?

पहिल्यांदा पाहिला तेव्हा मलाही कळलं नव्हतं. दुसऱ्यांदा थांबवत थांबवत पाहिला. (सिनेमा पाहिला नसेल तर इथेच थांबा, पुढे सगळं फोडलंय.)

लॅचच्या किल्ल्या दिसायला सारख्याच, सगळी मेख तिथे आहे. बायको मार्गो हिला मारण्यासाठी टोनीने स्वान नावाचा माणूस ठरवलेला असतो; त्याच्यासाठी टोनी तिच्या पर्समधली घराची किल्ली काढून बाहेर जिन्याच्या कार्पेटखाली ठेवतो. स्वान त्या किल्लीने दार उघडून आत येतो, मार्गोचा गळा आवळायला जातो आणि तिच्या हाती लागलेल्या कात्रीने स्वतःच मरतो. टोनी घरी येऊन प्रेताच्या खिशातली किल्ली गुपचूप तिच्या पर्समध्ये टाकतो. दार उघडल्यावर कोणीही किल्ली खिशातच टाकणार, हा त्याचा हिशेब. पण स्वानने ती दार उघडल्या उघडल्या परत कार्पेटखाली ठेवली होती! खिशात होती ती त्याच्या स्वतःच्या घराची.

पुढे स्वानच्या खुनाबद्दल मार्गोलाच शिक्षा होते, पण शंका आलेला इन्स्पेक्टर हबर्ड तिला दाराशी आणतो. पर्समधल्या किल्लीने तिला दार उघडत नाही आणि कार्पेटकडे ती बघतही नाही, म्हणजे तिला ती जागा ठाऊकच नाही. मग टोनीची पाळी. त्याचा रेनकोट हबर्डने आधीच बदललेला, त्यामुळे स्वतःची किल्ली नाही. पर्समधली लावून बघतो, लागत नाही, जायला निघतो, थबकतो, मागे येतो आणि कार्पेट उचलतो. दार उघडतं तर आत सगळे वाट बघत बसलेले.

दाराच्या आत कोण, बाहेर कोण, यावरच खेळ असल्यामुळे दिग्दर्शक हिचकॉकने (1954) कॅमेरा त्या लंडनच्या फ्लॅटमधून फारसा बाहेर काढला नाही, ते मला पटतं. खटलासुद्धा कोर्ट न दाखवता उरकलाय: मार्गो झालेल्या ग्रेस केलीचा चेहरा आणि मागे बदलत जाणारे रंगीत दिवे, बस्स. मूळ नाटक फ्रेडरिक नॉटचं, 1952 चं. पटकथाही त्यानेच लिहिली. आपल्याकडे 1985 चा 'ऐतबार' यावरूनच आला, डिंपल आणि राज बब्बरचा.

हबर्ड झालेल्या जॉन विल्यम्सने ब्रॉडवेवरही हीच भूमिका केली होती आणि त्यासाठी त्याला टोनी पुरस्कार मिळाला (टोनीला पकडून टोनी!). शेवटी टोनी शांतपणे दारूचा ग्लास भरतो, हबर्ड फोन लावतो आणि खिशातून छोटा कंगवा काढून मिशी विंचरतो. तेवढ्यासाठी मी तिसऱ्यांदाही बघेन.