प्रतिकारक वाणावर मावा दिसला, फवारू का?

प्रश्न : ज्वारीचा मावा-प्रतिकारक वाण पेरला आहे, तरी पानांखाली मावा दिसतोच. वाण फसला का? औषध फवारावे, की ढालकिडे (मावा खाणारे लेडीबर्ड भुंगे) आणून सोडावेत?

उत्तर : वाण फसलेला नाही. प्रतिकारक वाणावरही मावा बसतो, पण त्याचे नीट पोषण होत नाही आणि पिले कमी होतात. हिशेब करून पाहा. दहा मावा दर 2 दिवसांनी दुप्पट झाले, तर 12 दिवसांत 640 होतात. दुप्पट व्हायला 4 दिवस लागले, तर 80. ढालकिड्याच्या दोन-चार अळ्यांना 80 मावा सहज आवरतात, 640 नाही. मित्रकीटक माव्यामागून येतात, आणि त्यांना लागणारा हा वेळ वाण मिळवून देतो.

म्हणून पंप उचलण्याआधी पाने उलटून पाहा. शेताच्या वेगवेगळ्या भागांतली 20-25 झाडे, दर 3-4 दिवसांनी. फुगलेला, तपकिरी, कागदासारखा कोरडा मावा पानाला चिकटलेला दिसला, तर ती ‘ममी’. तिच्या पाठीवर गोल भोक असेल, तर आतली परोपजीवी गांधीलमाशी (माव्याच्या अंगात अंडी घालणारी बारीक माशी) बाहेर पडून कामाला लागली आहे. ज्वारीवरच्या हिरव्या माव्यात (ग्रीनबग) साधारण 20 टक्के ममी दिसल्या, तर फवारणी थांबवावी. माशीने अंडे घातल्यावर ममी व्हायला आठवडाभर लागतो, त्यामुळे हिरव्या दिसणाऱ्या माव्यांतही बरेच आतून पोखरलेले असतात.

अशा वेळी सायपरमेथ्रीनसारखे औषध मारले की मित्रकीटक आधी मरतात आणि उरलेला मावा मोकाट वाढतो. फवारावेच लागले, तर लेबलवर त्या पिकाची शिफारस असलेले, मित्रकीटकांना कमी मारणारे निवडक औषध घ्या.

ढालकिड्यांचे प्रौढ विकत आणू नका, बहुतेक उडून जातात. सोडायच्याच असतील तर क्रायसोपाच्या (मावा खाणाऱ्या दुसऱ्या मित्रकीटकाच्या) अळ्या संध्याकाळी, झाडोझाडी विखरून सोडा. एका जागी ओतल्या की एकमेकींनाच खातात. मुंग्यांची रांग असेल तर आधी ती हटवा, मुंग्या चिकट गोड स्रावासाठी माव्याची राखण करतात. बांधावर कोथिंबीर, बडीशेप फुलू द्या. क्रायसोपाचे प्रौढ आणि सिरफिड माश्या (यांच्याही अळ्या मावा खातात) मकरंद-परागावर जगतात. आणि युरियाचा हात आवरा. नत्र जास्त झाले की वाणाने रोखलेला मावा पुन्हा जोर धरतो.

प्रश्न : मग सर्वात जास्त प्रतिकारक वाणच का घेऊ नये?

उत्तर : प्रतिकार कशामुळे आहे ते आधी विचारा. टोमॅटोसारख्या पिकात चिकट, दाट लव माव्याला अडवते, तशीच गांधीलमाशीला आणि ढालकिड्याच्या लहान अळ्यांनाही अडकवते. मावा फार खुरटा राहिला, तर माश्या त्यात नराचीच अंडी जास्त घालतात आणि पुढच्या पिढीत अंडी घालणाऱ्या माद्या कमी पडतात. शिवाय एकाच जनुकावर उभा असलेला कडक प्रतिकार मोडणारा मावा तयार होतो. ज्वारीवरच्या हिरव्या माव्यात आणि सोयाबीनच्या माव्यात हे घडलेले आहे. मित्रकीटक भरपूर असतील, तर मध्यम प्रतिकाराचा वाण आम्ही पसंत करू.