प्रश्न तुमचे : चित्र काढून डॉक्टरेट?

प्रश्न : एम.एफ.ए. (चित्रकलेतली पदव्युत्तर पदवी) होऊन बरीच वर्षं झाली. मी शाईत काम करते. काढलेलं पाण्याने पुसायचं आणि त्यावरच पुन्हा काढायचं, ही माझी पद्धत. पीएच.डी. करायचं मनात आहे, पण मला कलेचा इतिहास लिहायचा नाही, चित्रच काढायचंय. चित्र काढून डॉक्टरेट मिळते का? आणि प्रबंधाच्या नादात चित्र हातातून सुटेल, ही भीती खरी आहे का?
– एक चित्रकर्ती

उत्तर : मिळते, आणि ही काही कालपरवाची गोष्ट नाही. टोकियोच्या कला विद्यापीठात 1977पासून डॉक्टरेटचा अभ्यासक्रम आहे. नॉर्वेमध्ये कलासंशोधनाची वेगळी पीएच.डी. 2018मध्ये सुरू झाली. अमेरिकेत मात्र अजूनही एम.एफ.ए. हीच चित्रकाराची शेवटची पदवी धरतात. त्यामुळे केवळ शिकवण्याच्या नोकरीसाठी पीएच.डी. करायची असेल, तर जिथे शिकवायचंय तिथे ती लागते का, हे आधी विचारून घ्या. नसेल लागत, तर तेवढ्यासाठी आयुष्याची चार-पाच वर्षं देऊ नका.

तुमच्या पत्रावरून मात्र कारण वेगळं दिसतंय, म्हणून सविस्तर लिहिते. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमधले क्रिस्टोफर फ्रेलिंग यांनी 1993मध्ये तीन वाटा वेगळ्या करून दाखवल्या : कलेविषयी संशोधन, कलेतून संशोधन आणि कलेसाठी संशोधन. पहिली वाट इतिहासकाराची. तुमची दुसरी. तिथे चित्र काढणं हीच शोधाची रीत असते. पण त्यासाठी आधी प्रश्न हवा, आणि बहुतेक अर्ज इथेच अडतात.

माझ्याकडे येणाऱ्या प्रस्तावांत ‘पुसणं आणि स्मृती’ अशा धर्तीची शीर्षकं फार असतात. हा विषय झाला, प्रश्न नव्हे. प्रश्न असा हवा, की त्याचं उत्तर कुंचला हातात घेतल्याशिवाय मिळूच नये. तुमचंच घ्या. सरस दिलेल्या कागदावर शाई पृष्ठभागाजवळ राहते, ओली असताना बरीचशी उचलता येते. बिनसरसाच्या कागदात ती तंतूंत शिरते आणि कितीही पुसली तरी डाग धरून बसते. लाखेची शाई तर एकदा वाळली की पाण्याला दाद देत नाही. म्हणजे किती विसरायचं, हे तुमच्याइतकंच कागद आणि शाईही ठरवतात. मग विचारा : आधीचा उरलेला डाग पुढच्या रेषेला कुठे वळवतो? मी ती रेष त्याला टाळून काढते की त्याच्या आधाराने? हे ग्रंथालयात बसून कळणार नाही.

मी स्वतः एचिंगवाली, म्हणजे धातूच्या प्लेटवर आम्लाने रेषा कोरून तिचे कागदावर ठसे घेणारी, त्यामुळे दाखला ठशांचाच देते. डच चित्रकार रेम्ब्रांटचं ‘तीन क्रूस’ हे 1653चं ठसाचित्र. त्याच्या प्लेटच्या वेगवेगळ्या अवस्थांचे, म्हणजे प्लेटवर बदल करत टप्प्याटप्प्याने घेतलेले, ठसे आज उपलब्ध आहेत. चौथ्या अवस्थेत त्याने कितीतरी माणसं घासून काढली, नवी आणली आणि बराचसा भाग काळोखात बुडवला. पहिल्या अवस्थांचे ठसे उरले नसते, तर हा निर्णय कोणाला दिसला असता? चित्रकाराचा विचार असा कामाच्या टप्प्यांत असतो, आणि तुम्ही तर टप्पे पुसता! म्हणून पुसण्याआधी दर वेळी फोटो घ्या. तारीख, कागद, शाई, किती वेळाने पुसलं, काय होईल असं वाटलं होतं आणि काय झालं, हे त्याच दिवशी वहीत उतरवा. पुढे आठवून लिहिलेलं नेहमी खऱ्यापेक्षा शहाणं निघतं. परीक्षकाला ते लगेच कळतं.

आता भीतीचं. ती खरी आहे, पण लिहिण्यामुळे चित्र सुटत नाही. सगळं लिखाण शेवटच्या वर्षावर ढकलल्यामुळे सुटतं. तेव्हा वर्षभर कुंचल्याला हात लागत नाही, आणि प्रबंधाची भाषाही उसनी होते, चित्राशी संबंध नसलेल्या तत्त्वज्ञांची नावं रांगेने येतात. वही पहिल्या दिवसापासून लिहिली, तर प्रबंधाचा निम्मा ऐवज तिच्यातच सापडतो. प्रत्यक्ष चित्रं काढून केलेल्या पीएच.डी.त बऱ्याच ठिकाणी लेखी भाग नेहमीच्या प्रबंधापेक्षा आटोपशीर चालतो, कारण प्रदर्शनही परीक्षेचाच भाग असतं. तिथे एका गोष्टीचा आग्रह धराच : परीक्षकांनी मूळ कामं भिंतीवर पाहावीत आणि मौखिक परीक्षा शक्यतो त्याच दालनात व्हावी. शाईचा डाग पडद्यावर सपाट दिसतो. तुमचा सगळा युक्तिवाद तर त्या डागाच्या खोलीत आहे.

प्रश्न : गाईड चित्रकार असावा की अभ्यासक?
– एक विद्यार्थी

उत्तर : दोन मार्गदर्शक घेता येत असतील तर एकेक घ्या. एकच मिळणार असेल, तर जो तुमच्या स्टुडिओत येऊन काम पाहायला तयार आहे, तो. नाव केवढं मोठं, हे नंतर बघा. नाव नोंदवण्याआधी त्यांच्या हाताखाली सध्या काम करणाऱ्या एखाद्याला गाठून विचारा : शेवटचं काम त्यांनी कधी पाहिलं, आणि कुठे?