लिही, मग रड

चि. बेटा,

रविवारी रामबागेत आलीस आणि जाताना विचारलंस, "मावशी, बाकीच्या नर्सेस निभावतात, मग मलाच का जमत नाही?" दारात उभ्या उभ्या सांगण्यासारखं नव्हतं ते, म्हणून लिहिते.

नाइटला 22 पेशंट आणि तू एकटी. भारतीय परिचर्या परिषदेचा, म्हणजे नर्सिंग कौन्सिलचा, निकष काय? शिकवणाऱ्या हॉस्पिटलच्या जनरल वॉर्डात तीन पेशंटमागे एक नर्स, इतरत्र पाचामागे एक. 'निभावणाऱ्या' काय करतात तेही मला ठाऊक आहे. पहाटे चारचं बीपी रात्री बारालाच भरून ठेवतात. तुला ते जमत नाही, हे चांगलंच आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये बर्नआउटला, म्हणजे कामाने पार पिचून जाण्याला, आजार म्हटलं नाही, कामाच्या ठिकाणच्या न हाताळलेल्या ताणाचा परिणाम म्हटलं. आणि तुमच्याकडे उपाय काय? नर्सेसना प्राणायामाचं शिबिर, तेही ऑफच्या दिवशी!

तेव्हा लिही. पेशंटची लघवी मिलिलिटरमध्ये चार्टवर चढवतेस, मग तुझी डबल ड्युटी कुठे चढते? हँडओव्हरच्या, म्हणजे पुढच्या पाळीला काम सोपवतानाच्या, वहीत रोज लिही: पेशंट किती, गंभीर किती, सिस्टर किती, किती वाजता कोणाला कळवलं, उत्तर काय मिळालं. 'आज फार त्रास झाला' असलं काही नको, ते कोणी वाचत नाही. आकडे लिही. स्वतःजवळही एक वही ठेव. त्यात पेशंटचं नाव नको, फक्त तारीख आणि आकडे.

12 मेला, नर्स दिनाला, हातात दिवा घेतलेल्या फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंच्या नावाने मेणबत्त्या लावता. बाईंनी 1858 मध्ये आकृती काढून दाखवलं, की क्रिमियाच्या युद्धात सैनिक जखमांपेक्षा टाळता येण्यासारख्या रोगांनीच जास्त मेले. दिवा सगळ्यांना आठवतो, आकडे कुणाला नाही.

मी नर्स होते तेव्हा मला 'रजिस्टरवाली' म्हणत. प्रमोशनही त्यापायीच रखडलं. एकदा वरच्या बाईंनी माझं पान फाडलं, तर पुढच्या पानावर मी 'मागचं पान फाडले' असं लिहून तारीख-वेळ टाकली. हट्टी? असेन. पण नाइटला दुसरी सिस्टर मिळाली ती त्या वहीमुळे. नव्या सुपरिंटेंडेंट भल्या होत्या म्हणून मिळाली, असंही काहीजणी म्हणतात. असतील भल्या, पण त्यांनी वाचलं काय? वहीच ना!

आणि हो, पलासियाच्या सिग्नलला गाडीवर डोळा लागला म्हणालीस. नाइट उतरलीस की सिटी बसने घरी जा, गाडीचा हट्ट नको. पंधरवडाभर झोप आलीच नाही, किंवा जिवाचं काही बरंवाईट मनात आलं, तर वही-बिही राहू दे. 14416 हा टेली-मानसचा, सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, नंबर लाव, मलाही फोन कर, कितीही वाजलेले असोत.

उद्याच वही घे. शिवलेली घे, स्पायरलची नको, तिची पानं फार सहज निघतात.

तुझी,
मावशी