वाचकांचे प्रश्न : इंग्रजी सोपी होत चालली, मग आपल्याला जड का जाते?

इंग्रजी भाषा कशी बदलते आहे, याविषयी विदर्भातल्या गावांमधून आलेल्या पत्रांपैकी काही प्रश्न या अंकात घेतले आहेत. इंग्रजी शब्दांचे उच्चार देवनागरीतच दिले आहेत. शिकताना स्पेलिंग शब्दकोशात पाहून वहीत लिहावं.

प्रश्न : जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवी-आठवीला इंग्रजी शिकवते. 'हूम' गेलं, 'शॅल' गेलं, इंग्रजी दिवसेंदिवस सोपी होत आहे, असं जो तो म्हणतो. मग आमच्या मुलांना वाक्य का जुळवता येत नाही?
– शिक्षिका, दर्यापूर (अमरावती)

उत्तर : इंग्रजी सोपी झाली ती शब्दांच्या शेपटांपुरती. हजार वर्षांपूर्वी तिच्यात तीन लिंगं होती आणि नामाला चार विभक्त्या. 'दगड' या अर्थाचा शब्द 'स्तान'. तो स्तान, स्तानेस, स्ताने, स्तानस, स्ताना, स्तानुम असा सहा रूपांत चाले. आज कानाला दोनच रूपं ऐकू येतात, स्टोन आणि स्टोन्स. शब्दाच्या पहिल्या अक्षरावर जोर असल्यामुळे शेवट पुटपुटला जाई, हे एक कारण. दुसरं असं की नवव्या शतकापासून इंग्लंडच्या उत्तर आणि पूर्व भागात डेन्मार्क-नॉर्वेकडचे लोक येऊन वसले. त्यांचे मूळ शब्द इंग्रजीच्या जवळचे होते, प्रत्यय मात्र वेगळे. शेजारी राहून व्यवहार करताना मूळ शब्द टिकले आणि प्रत्यय गळायला वेग आला. पुढे १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, दरबारात फ्रेंच आली, आणि इंग्रजीचं जुनं लिखित वळण राखायला कुणी उरलं नाही.

आपल्याकडे हेच रोज घडतं. प्रमाण मराठीत 'तू आलास', 'तुम्ही आलात'. वऱ्हाडीत 'तू आला', 'तुमी आले'. शेवटचा 'स' आणि 'त' गेला तरी अर्थ अडत नाही, कारण कोण आलं ते 'तू' आणि 'तुमी' सांगतात. वऱ्हाडीला 'अशुद्ध' म्हणणाऱ्यांनी इंग्रजीचा हा इतिहास जरूर वाचावा.

मात्र प्रत्यय गेला की त्याचं काम दुसऱ्या कुणाला तरी करावं लागतं. 'वाघाने गाय मारली' म्हणा किंवा 'गाय वाघाने मारली', मेली गायच, कारण 'ने' वाघाला चिकटलेला आहे. इंग्रजीत 'द टायगर किल्ड द काउ' मधली जागा बदलली की वाघ मरतो. मराठी मुलाला प्रत्ययावर भिस्त ठेवायची सवय असते आणि इंग्रजी जागेवर चालते. तुमच्या वर्गातली अडचण इथे आहे.

शिवाय काही बाबतीत इंग्रजी जड झाली. पूर्वी 'नो यू हिम?' एवढ्यावर प्रश्न व्हायचा, आता 'डू यू नो हिम?' म्हणावं लागतं. घर बांधलं जात आहे हे सांगायला 'द हाउस इज बिल्डिंग' पुरत असे. 'इज बीइंग बिल्ट' ही रचना अठराव्या शतकाच्या अखेरीस दिसू लागली.

वर्गात असं करून बघा. पुठ्ठ्याच्या तीन रंगांच्या चिठ्ठ्या करा: कोण, क्रिया, कुणाला. प्रत्येकी दहा. तीन मुलं चिठ्ठ्या धरून ओळीत उभी राहतील. वर्ग वाक्य वाचेल, मग पहिल्या आणि तिसऱ्या मुलाने जागा बदलायची आणि अर्थ काय झाला ते मराठीत सांगायचं. रोज दहा मिनिटं, दोन आठवडे. ते पक्कं झालं की चौथी चिठ्ठी 'डिड'ची. नकारात ती कर्त्यानंतर येते, प्रश्नात कर्त्याच्या आधी. मुलं 'ही डिड नॉट केम' म्हणतात, कारण 'आला नाही' मध्ये त्यांना भूतकाळ 'आला'त दिसतो. इंग्रजीत तो भूतकाळ 'डिड'ने एकदा उचलला, म्हणून पुढे 'कम'च. हे कारण सांगितलं की चूक लवकर सुटते, नुसतं खोडून सुटत नाही.

'हूम' बोलण्यातून जवळजवळ गेलं, पण 'टू हूम', 'विथ हूम' अशा जोडीत टिकून आहे. 'शॅल' हे 'शॅल वी गो?' मध्ये आणि कायद्याच्या कागदात भेटतं. दोन्ही ओळखता आली पाहिजेत. वापरण्याचा सराव मात्र 'हू' आणि 'विल'चाच जास्त द्या.

प्रश्न : इंग्रजीत मोठ्या माणसालाही 'यू' आणि लहानालाही 'यू'. साहेबाला 'यू' म्हणताना जीभ अडते.
– बचत गटाच्या सचिव, रिसोड (वाशिम)

उत्तर : जीभ अडू देऊ नका. तुम्ही साहेबाला 'तुम्ही'च म्हणत आहात. जुन्या इंग्रजीत एकासाठी 'दाउ' होतं आणि अनेकांसाठी 'यू'. पुढे आदराने एकालाही 'यू' म्हणायची रीत पडली, अगदी आपल्या 'तुम्ही'सारखी. सतराव्या शतकात 'दाउ' रोजच्या बोलण्यातून मागे पडलं. काही बोलींत आणि प्रार्थनेत राहिलं. म्हणजे इंग्रजीतून 'तू' गेला आणि 'तुम्ही' सगळ्यांच्या वाट्याला आलं. आदर आता क्रियापदात जातो. 'गिव्ह मी द फॉर्म' हे 'दे फॉर्म'सारखं लागतं, 'कुड यू गिव्ह मी द फॉर्म, प्लीज?' हे 'फॉर्म देता का जरा' असं.

प्रश्न : 'नाइफ'ला 'के' कशाला? मुलगा तिसरीत आहे, 'नेम'ला 'नामे' वाचतो आणि मार खातो.
– पालक, आर्वी (वर्धा)

उत्तर : आधी मार थांबवा. मुलगा 'नामे' वाचतो ते आजच्या हिशेबाने चूक आहे, पण सहाशे वर्षांपूर्वीचा इंग्रज जवळपास तसंच बोलत होता. तेव्हा 'टाइम'चा उच्चार 'टीम'च्या जवळ होता, 'हाउस'चा 'हूस', आणि 'नाइट' म्हणजे सरदार या शब्दातले 'के' आणि 'जी-एच' दोन्ही उच्चारले जात. साधारण १४०० ते १७०० या काळात इंग्रजीचे दीर्घ स्वर एकामागून एक सरकले. त्याच काळात, १४७६ मध्ये, विल्यम कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला आणि स्पेलिंग हळूहळू छपाईच्या खिळ्यांत गोठत गेलं. जीभ पुढे गेली, कागद मागे राहिला. आपण 'डोळा' लिहितो आणि वऱ्हाडीत 'डोया' म्हणतो. तेवढंच अंतर, फक्त हजारो शब्दांत.

काही अक्षरं पंडितांनी घुसडली. कर्ज या अर्थाचा 'डेट' हा शब्द आधी 'बी'शिवाय लिहीत. लॅटिनमध्ये मूळ 'डेबितुम' आहे म्हणून त्यांनी 'बी' घातला, पण तो कुणी उच्चारला नाही. हे ओझं अजून मुलांच्या डोक्यावर आहे, याचं आम्हाला वाईट वाटतं.

सुधारणा करून पाहिल्या गेल्या. अमेरिकेत शब्दकोशकार नोआ वेब्स्टरने 'कलर', 'ऑनर'मधला 'यू' काढला, तो टिकला. जीभ या अर्थाच्या 'टंग'चं त्याने केलेलं साधं स्पेलिंग मात्र कुणी घेतलं नाही. १९०६ साली राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी तीनशे शब्दांचं सोपं स्पेलिंग सरकारी छपाईत वापरायचा हुकूम काढला, तो अमेरिकी संसदेने त्याच वर्षी हाणून पाडला. म्हणून वाट बघू नका, गट करून शिकवा.

पहिला गट शेवटच्या मुक्या 'ई'चा. 'हॅट–हेट', 'किट–काइट', 'हॉप–होप', 'कट–क्यूट' अशा जोड्या एका ओळीत लिहा. 'ई' स्वतः बोलत नाही, एक अक्षर ओलांडून मागच्या स्वराला त्याचं वर्णमालेतलं नाव घ्यायला लावतो. 'हॅव', 'गिव्ह', 'कम', 'सम' हे अपवाद वेगळ्या पानावर. दुसरा गट सुरुवातीच्या 'के-एन' आणि 'डब्ल्यू-आर'चा: नी, नाइफ, नॉक, नो, राइट, राँग, रॅप. पहिलं अक्षर झाकून वाचायला लावा. तिसरा 'जी-एच'चा: 'आय'नंतर तो मुका, जसं लाइट, नाइट, राइट. 'फ' होतो असे पाच शब्द पाठ करून घ्या: लाफ, इनफ, रफ, टफ, कॉफ. एका आठवड्यात एकच गट, नाहीतर तिन्हींचा काला होतो.

प्रश्न : क्रियापदाची तीन रूपं पाठ करून थकलो. ही अनियमित रूपं कधी संपणार?
– बारावीचा विद्यार्थी, मूल (चंद्रपूर)

उत्तर : काही संपली आहेत. 'हेल्प'चा भूतकाळ एकेकाळी 'होल्प' होता, आता 'हेल्प्ड'. २००७ साली अभ्यासकांनी जुन्या इंग्रजीतली १७७ अनियमित क्रियापदं तपासली, तेव्हा त्यांतली ९८ आजही अनियमित निघाली. जे क्रियापद कमी वापरात, ते आधी 'एड' घेतं. रोज तोंडात असलेलं बदलत नाही, कारण त्याचं रूप विसरायला कुणाला सवडच मिळत नाही. इंग्रजीतली सर्वाधिक वापराची दहाही क्रियापदं अनियमितच आहेत. मराठीतही बघा: बस–बसला, उठ–उठला सरळ, पण जा–गेला, ये–आला, कर–केला, हो–झाला. ही रूपं तू कधी पाठ केली नाहीस.

म्हणून अकारविल्हे यादी फेकून दे. पहिल्यांदा न बदलणारी: कट, पुट, हिट, लेट, शट. मग स्वर बदलणारी: सिंग–सँग–संग, ड्रिंक, स्विम, बिगिन. मग शेवटी 'ऑट' येणारी: बॉट, ब्रॉट, थॉट, कॉट, टॉट. मग 'एन'वाली: रिटन, स्पोकन, ब्रोकन, टेकन. उरलेली 'गो–वेंट'सारखी सुटी थोडीच राहतात. रोज पाच, प्रत्येकाचं एक वाक्य, आणि तिसऱ्या दिवशी न बघता लिहून पाहा. 'लर्न्ड' आणि 'लर्न्ट', 'बर्न्ड' आणि 'बर्न्ट' दोन्ही बरोबर आहेत. एका पेपरात एकच पद्धत ठेव.

प्रश्न : फवारणीच्या औषधाच्या डब्यावरचं आणि पंपाच्या पुस्तिकेतलं इंग्रजी कळेल, एवढीच इंग्रजी हवी. अशी छोटी इंग्रजी आहे का?
– कापूस उत्पादक, आर्णी (यवतमाळ)

उत्तर : करून पाहिली आहे. १९३० मध्ये इंग्रज भाषाभ्यासक सी. के. ऑग्डेन यांनी ८५० शब्दांची 'बेसिक इंग्लिश' मांडली. तिच्यात क्रियापदं फक्त अठरा. पण शब्द कमी केले की जोड्या वाढतात. 'पुट' आणि 'अप' दोन्ही सोपे, पण 'पुट अप विथ' म्हणजे 'सहन करणं' हे कुठून कळणार? ती रुजली नाही. 'व्हॉइस ऑफ अमेरिका' रेडिओने १९५९ पासून सुमारे दीड हजार शब्दांत, सावकाश वाचलेल्या बातम्या दिल्या. अनेक देशांत लोक त्या ऐकून शिकले.

तुमच्या कामाला सगळ्यात जवळची आहे ती विमान दुरुस्तीची सोपी इंग्रजी. तिच्यात एका शब्दाला एकच अर्थ. 'फॉलो' म्हणजे मागून येणं. 'पाळणं' या अर्थी तो चालत नाही. कृतीच्या सूचनेत एका वाक्यात वीस शब्दांपेक्षा जास्त नाहीत. औषधाच्या डब्यावर असं बंधन नसतं, म्हणून काही शब्द नेमके ओळखा. 'डू नॉट' आणि 'नेव्हर' म्हणजे मनाई. 'अव्हॉइड' म्हणजेही मनाईच. 'जमलं तर टाळा' असा अर्थ घेऊ नका. 'अनलेस' म्हणजे 'तसं नसेल तर', याने वाक्य उलटतं आणि इथेच सर्वाधिक घोटाळा होतो. 'अन्टिल' म्हणजे 'तोपर्यंत', 'प्रायर टू' म्हणजे 'आधी', 'नॉट एक्सीडिंग' म्हणजे 'त्यापेक्षा जास्त नाही'. प्रमाण वाचताना आकड्याच्या पुढचं एकक वाचा: एम-एल की जी, आणि 'पर लिटर', 'पर एकर' की 'पर हेक्टर'. एक हेक्टर म्हणजे जवळपास अडीच एकर. हेक्टरचं प्रमाण एकराला वापरलं की औषध अडीच पट होतं.

शब्द कळला नाही तरी डब्यावरचा रंगीत त्रिकोण वाचा. लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा सर्वांत कमी. हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. म्हणून औषध घेताना मराठी माहितीपत्रक कृषी केंद्रातून मागूनच घ्या, आणि डबा रिकामा होईपर्यंत ते जपून ठेवा.

प्रश्न : मोबाइलवर 'यू' एका अक्षरात, 'आर' एका अक्षरात. अशाने इंग्रजी बिघडते का?
– वाचक, अर्जुनी मोरगाव (गोंदिया)

उत्तर : नाही. एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावायची, त्यातून ही सवय पसरली. संक्षेप त्याहून जुने आहेत. 'ओके' हा १८३९ साली बॉस्टनच्या वर्तमानपत्रात मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगवरून निघालेला शब्द आहे. अर्जात आणि उत्तरपत्रिकेत मात्र पूर्ण शब्द लिहायचा, तिथे गुण जातात.

प्रश्न : आपल्या मराठीतला एखादा शब्द इंग्रजीत गेला आहे का?
– सहावीची विद्यार्थिनी, आर्णी (यवतमाळ)

उत्तर : गेला आहे, आणि तो तुझ्या धुऱ्यावर दिसतो. मुंगूस. इंग्रजीत तो 'मंगूस' झाला. शेवटी 'गूस' आल्यामुळे पुष्कळ जण बदकासारख्या 'गूस' पक्ष्याचं अनेकवचन 'गीस' त्याला लावतात, पण त्या पक्ष्याशी या शब्दाचा काही संबंध नाही. अनेकवचन साधं आहे, 'मंगूसेस'.