आधी दावण, मग आपण

चि. पोरीस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, "काका, चारला उठते तरी दिवस पुरत नाही. धसकटं वेचायचीत, खत पसरायचंय, कडब्याची गंज लावायचीय. सुरुवात कुठनं करू?" आवाज रडवेला होता, म्हणून लिहायला बसलो.

सुरुवात दावणीपासून. उठलीस की आधी पाणी आणि वैरण, मग तुझा चहा. मे महिन्यात दुभत्या गाईला दिवसाला सत्तर-ऐंशी लिटर पाणी लागतं. तुझी जर्सी आहे, खिल्लार नव्हे. दुपारी ती धापा टाकते ते उगाच नाही. आधी दावण.

खताचं म्हणशील तर सगळा उकिरडा एका दिवशी उपसू नकोस. त्या दिवशी कुळवानं मातीत मिसळता येईल तेवढंच रानात ने. उन्हात उघडं पडलं की त्यातला नत्र उडून जातो, मागं नुसता भुसा राहतो. धसकटं सकाळी दहापर्यंत वेच, पुढं चारनंतर. दुपारी रानात राबून कुणी मोठं झालेलं मी पाहिलं नाही. गंज तुला एकटीला जमायची नाही, तिला दोन माणसं बोलव. तिथं हट्ट नको.

हट्ट दावणीचा धर. मी का सांगतोय ते ऐक. एका वैशाखात वळीव पडून गेला होता. कापलेल्या शाळूच्या खोडव्याला कोवळे फुटवे आले होते. त्या सकाळी मी मोटार दुरुस्त करत विहिरीवर बसलो. म्हटलं, गाय काय, तासाभरानं बघू. भुकेली गाय दावं तोडून त्या फुटव्यांत शिरली. किराळ लागली, म्हणजे कोवळ्या ज्वारीच्या फुटव्यांचं विष भिनलं. डॉक्टर यायच्या आत संपली. पाच महिन्यांची गाभण होती. मोटार मात्र चालू झाली होती. अजून त्या विहिरीवर गेलो की मला तिचं हंबरणं ऐकू येतं. तुझ्याही रानात खोडवा उभा आहे. वळवाआधी नांगरून टाक, फुटलाच तर जनावर फिरकू देऊ नकोस.

तेव्हापासून मी बदललो. 2012-13 च्या दुष्काळात जनावरं चारा छावणीत होती, तेव्हा पुतण्याचं लग्न निघालं. मी गेलो नाही. छावणीत पाण्याचा टँकर कधी येईल त्याचा नेम नव्हता, आणि माझी बैलं दुसऱ्याच्या हातानं पाणी पीत नव्हती. भाऊ अजून मनात धरून आहे. तुझी काकू म्हणते, एक दिवस कुणीही बघितलं असतं. बघितलं असतं की नाही, ते मला आजही सांगता येत नाही. पण त्या दुष्काळातून माझी चारही जनावरं घरी आली. मी चुकलो असं मला वाटत नाही. भावाची आठवण येते, ती वेगळी गोष्ट.

तू मोबाईलवर कामांचं वेळापत्रक केलंयस म्हणे. असू दे. पण त्यात पहिल्या ओळीला "चहा" लिहिलंयस, ते आज खोड. अगं, ती मुकी आहेत, तुला फोन करून सांगणार नाहीत! पुन्हा सांगतो, आधी दावण.

रोहिणी नक्षत्र 25 मेला निघतं. त्याआधी हौद रिकामा करून आतून चुना लावायला हवा, शेवाळ धरत नाही. शनिवारी पहाटे येतो, चुना मी आणतो. तू कुंचा शोधून ठेव. आणि मी पोचेपर्यंत दावण झालेली असू दे.

तुझा,
काका