वाचकांचे प्रश्न : क्वार्टरबॅकपुढची पाच माणसं

प्रश्न : आम्ही सिनसिनाटीजवळ राहतो, मुलगा अकरावीत आहे आणि बेंगल्सचा, म्हणजे इथल्या अमेरिकन फुटबॉल टीमचा, कट्टर फॅन. जेवताना आमच्याकडे एकच वाद. तो म्हणतो २०२२ मध्ये बेंगल्सनी परवडणारे फ्री एजंट (जुन्या टीममधून मोकळे झालेले प्लेयर) घेऊन ऑफेन्सिव्ह लाइन (क्वार्टरबॅकला वाचवणारे पुढचे पाच : मध्ये सेंटर, त्याच्या दोन बाजूंना गार्ड, कडेला टॅकल) बदलली तो शहाणपणा होता, मी म्हणते त्यानंतरही सुपर बोल, म्हणजे फायनल, काही जिंकली नाही, म्हणजे स्वस्तातलं शेवटी महागातच पडलं ना?

उत्तर : मुलाचं बरोबर आहे ताई, पण तुमच्या म्हणण्यातही एक गोष्ट आहे जी तो विसरतोय. आधी एवढी धावपळ कशासाठी झाली ते बघा. त्याच्या आदल्या सीझनमध्ये जो बरो, त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकणारा, ५१ वेळा सॅक झाला, म्हणजे बॉल हातात असतानाच त्याला लोळवलं, मग प्लेऑफमध्ये टेनेसीनी एकाच मॅचमध्ये ९ वेळा पाडलं (आणि तरी ती मॅच १९-१६ नी काढली पोरानं!), सुपर बोलमध्ये रॅम्सनी ७ वेळा, प्लेऑफच्या बाकीच्या मॅच धरून सगळं मिळून ७०. शेवटी हरले किती पॉइंटनी तर ३, २३-२०. बेंगल्सची शेवटची प्ले आठवा, रॅम्सचा आरन डोनाल्ड गार्डला ओलांडून आत घुसला, बरोला धरून गरागरा फिरवला आणि बॉल असाच कुठेतरी जाऊन पडला, आणि तिकडे बेंगल्सचा बॉल पकडणारा जमार चेस मोकळा पळत होता. एक सेकंद, फक्त एक सेकंद जास्त मिळायला हवा होता. मला ती प्ले अजून बघवत नाही.

आता पैशाचं. २०२२ ला सॅलरी कॅप होती २०८.२ मिलियन डॉलर, म्हणजे अख्ख्या टीमचा पगार त्यात बसवायचा, मग एकाच स्टारवर सगळे पैसे उधळून बाकीचे चार तसेच ठेवले तर काही उपयोग नाही, कारण लाइन म्हणजे कबड्डीतली साखळी, एकाचा हात सुटला की रेडर निसटलाच. बेंगल्सनी टेड करस घेतला, सेंटर, ३ वर्षांसाठी १८ मिलियन, पॅट्रियट्सकडच्या दोन सुपर बोल रिंगा असलेला, म्हणजे दोनदा जिंकलेला. टँपाहून अ‍ॅलेक्स कॅपा आणला उजव्या गार्डला, आणि डॅलसनी सोडलेला लाएल कॉलिन्स उजव्या टॅकलला. डाव्या गार्डला कॉर्डेल व्होल्सन, ड्राफ्टच्या (नव्या पोरांच्या निवडीच्या) चौथ्या राउंडचा रुकी, म्हणजे नवखा. पाचातले चार नवे, जुना एकटा जोना विल्यम्स, डाव्या टॅकलला.

पहिल्या दोन मॅचमध्ये १३ सॅक झाले, तेव्हा सगळ्यांनी तेच म्हटलं जे तुम्ही म्हणताय. पण बरोचं जुलैमध्ये अपेंडिक्सचं ऑपरेशन झालेलं, सीझनआधीच्या कॅम्पमध्ये तो आणि ही लाइन एकत्र फारसे उभेच राहिले नव्हते. पुढच्या १४ मॅचमध्ये २८. दोन मॅचला १३ आणि चौदा मॅचला २८, हा फरक माणसं बदलून नाही आला, तीच माणसं एकमेकांना ओळखायला लागली म्हणून आला.

तुमचा मुद्दा इथून पुढे सुरू होतो. डिसेंबरच्या शेवटी कॉलिन्सचा गुडघा गेला, रेग्युलर सीझनच्या शेवटच्या मॅचला कॅपाचा घोटा, प्लेऑफच्या पहिल्याच मॅचला विल्यम्सचा गुडघा. तीन राखीव घेऊन बफेलोच्या बर्फात २७-१० जिंकले, मी तर खुर्चीवरून उठून नाचलो होतो, पण पुढच्या आठवड्यात कॅन्सस सिटीनी बरोला ५ वेळा पाडलं आणि परत २३-२० नी हरले, परत ३ पॉइंट. म्हणून माझं मत असं की स्वस्तात पाच घेऊन थांबायचं नाही, सहावा, सातवा, आठवासुद्धा तेवढ्याच मन लावून शोधायचा. कॉलिन्सनी २०२० चा अख्खा सीझन हिपच्या ऑपरेशनमुळे घरी बसून काढला होता, अशा माणसामागे चांगला राखीव हवाच.

प्रश्न : चांगला प्लेयर स्वस्तात मिळतोच कसा? काहीतरी खोट असणारच. (पुण्याहून)

उत्तर : असते ना, पण ती कसली खोट आहे ते बघायचं. मेकाय बेक्टन घ्या. २०२० च्या ड्राफ्टमध्ये जेट्सनी ११ व्या नंबरला घेतलेला अवाढव्य टॅकल, गुडघ्यानी दोन सीझन खाल्ले, लोकांनी नाव टाकलं. २०२४ ला ईगल्सनी त्याला एका वर्षासाठी घेतला, जास्तीत जास्त ५.५ मिलियन. आणि लाइन कोच जेफ स्टाउटलंडनी काय केलं, तर त्याला टॅकलवरून आत गार्डला आणला. टॅकलला बाहेरच्या मोकळ्या जागेत चपळ माणसाला अडवावं लागतं, गार्डच्या दोन्ही बाजूंना आपलीच माणसं, तिथे त्या देहाचा पुरेपूर उपयोग. त्या सीझनला त्यांचा बॉल घेऊन पळणारा सेकॉन बार्कली २००५ यार्ड पळाला, ईगल्स सुपर बोल ४०-२२ नी जिंकले, आणि बेक्टनला पुढच्याच मार्चमध्ये चार्जर्सनी २ वर्षांचे २० मिलियन दिले. जागा चुकलेला माणूस होता तो, खराब नव्हता. मला विचाराल तर असा माणूस ओळखणारा कोच आधी मिळवा, प्लेयर नंतर.

प्रश्न : रविवारी रात्री मॅच लावतो, पण लाइनमध्ये नक्की काय बघायचं तेच कळत नाही, नुसती ढकलाढकली दिसते. (नागपूरहून)

उत्तर : स्नॅप झाल्यावर, म्हणजे सेंटरनी बॉल मागे क्वार्टरबॅककडे दिल्यावर, पहिले दोन सेकंद बॉलकडे बघूच नका. अवघड आहे, पण करून बघा. सेंटर आणि त्याच्या दोन बाजूचे गार्ड, एवढेच बघा. स्नॅपच्या आधी सेंटर समोरच्या लाइनबॅकरकडे (त्यांच्या पुढच्या रांगेमागे उभा असलेला बचावपटू) बोट दाखवून ओरडतो, तिथून कोण कोणाला धरणार ते ठरतं. मग समोरचे दोघं मुद्दाम कैचीसारखे एकमेकांना ओलांडतात, एक बाहेरून आत, दुसरा त्याच्या मागून बाहेर. गार्डनी आपला माणूस सेंटरच्या छातीवर पोचेपर्यंत ढकलत न्यायचा, सोडायचा, आणि लगेच वळून मागून येणाऱ्याला अडवायचं. नवीन लाइन असली की गार्ड आपल्याच माणसामागे वाहवत जातो आणि मध्ये दार उघडल्यासारखी फट पडते, क्वार्टरबॅक त्यातून येणारा माणूस बघतो तेव्हा उशीर झालेला असतो. सप्टेंबरमध्ये एखाद्या नव्या सेंटर-गार्डच्या जोडीला हे चुकताना पकडा आणि तीच जोडी नोव्हेंबरमध्ये परत बघा. मॅच रेकॉर्ड करता येत असेल तर एकच प्ले तीन वेळा लावा, दर वेळी त्या तिघांपैकी एकाकडेच बघायचं.