वाचकांचे प्रश्न : कारागृहातील शिक्षण आणि सुटकेनंतरचे दिवस

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच विषयाकडे वळणारी आहेत, म्हणून ती येथे एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांच्या विनंतीवरून त्यांची नावे वगळली असून ओळख पटेल असा तपशीलही गाळला आहे.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ गावातल्या भांडणात एकाला गंभीर दुखापत केल्याच्या गुन्ह्यात गोव्यातील कोलवाळच्या मध्यवर्ती कारागृहात होता. खटल्याच्या काळातली कोठडी धरून सहा वर्षे आत काढून तो आता घरी आला आहे. आत असताना त्याने बारावी केली आणि इग्नूच्या (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या) बी.ए.ची दोन वर्षे पूर्ण केली. घरी आल्यापासून मात्र तो खोलीबाहेर पडायला तयार नसतो. नोकरीच्या अर्जात मधल्या सहा वर्षांचे काय लिहावे, हे त्याला सुचत नाही. आमचे मामा बोटीवर होते, त्यामुळे यालाही तारवटी (खलाशी) व्हायचे आहे. पण पासपोर्ट मिळणारच नाही, असे जो तो सांगतो. ज्यांना मार लागला ते कुटुंब आमच्याच वाड्यावर राहते. त्याने त्यांच्याकडे जाऊन माफी मागावी का? — एक भगिनी, सत्तरी

उत्तर : ताई, आपल्या भावाने आत राहून बारावी आणि पदवीची दोन वर्षे पूर्ण केली, ही साधी गोष्ट नाही. बराकीतला गोंगाट, ठरलेल्या वेळी होणारी बंदी आणि पुस्तकांची वानवा यांतून वाट काढत अभ्यास करणाऱ्याजवळ चिकाटी असते, आणि पुढच्या दिवसांत तीच त्याच्या कामी येणार आहे. तिसरे वर्ष त्याने सोडू नये. इग्नूच्या बी.ए.ला किमान तीन आणि कमाल सहा वर्षांची मुदत असते. कैद्यांना मिळणारी शुल्कमाफी सुटकेनंतर लागू राहत नसल्यामुळे उरलेले शुल्क भरावे लागेल, आणि अभ्यासकेंद्र बदलून घेण्यासाठी विद्यापीठाच्या विभागीय केंद्राकडे अर्ज करावा लागेल. नोकरी लागल्यावर बघू, असे म्हणून हा अर्ज पुढे ढकलला तर अर्धवट पदवी तशीच राहून जाते, म्हणून तो याच महिन्यात करावा.

त्याआधी एक काम आहे. ते किरकोळ वाटते, पण सुटून आलेली माणसे नेमकी तिथेच अडकतात. आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक इतक्या वर्षांत बंद पडलेला असतो. आज बँक, शिधापत्रिका, परीक्षेचा अर्ज, नोकरीची नोंदणी या सगळ्यांसाठी त्या क्रमांकावर येणारा ओटीपी लागतो. क्रमांकच नसल्यामुळे माणूस पहिल्याच खिडकीवरून परत फिरतो, आणि दोन-तीनदा असे झाले की पुन्हा जाण्याचे त्याचे मन होत नाही. तेव्हा सर्वप्रथम आधार केंद्रावर जाऊन नवा क्रमांक नोंदवून घ्यावा. दोन वर्षे व्यवहार न झालेले बँक खाते निष्क्रिय धरले जाते. ओळखीची कागदपत्रे पुन्हा देऊन ते चालू करता येते. कारागृहातून मिळालेला सुटकेचा दाखला आणि न्यायालयाच्या निकालाची प्रमाणित प्रत जपून ठेवावी. मतदार यादीतले नावही तपासावे. मतदानाची बंदी तुरुंगात असेपर्यंतच असते. सुटलेल्या माणसाला आपल्या देशात मतदानाचा पूर्ण अधिकार आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. या कामांसाठी पहिल्या काही वेळा आपण स्वतः त्याच्यासोबत जावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. सहा वर्षे प्रत्येक हालचालीसाठी परवानगी मागत आलेल्या माणसाला सरकारी कचेरीत आपणहून बोलायला सुरुवात करणे फार जड जाते.

अर्जातील सहा वर्षांबद्दल माझे मत स्पष्ट आहे. विचारले असेल तेथे खरे लिहावे, आणि विचारले नसेल तेथे आपणहून सगळी कहाणी मांडू नये. नोकरीसाठी गुन्ह्याची माहिती दडवण्याच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात सविस्तर निकाल दिला. उमेदवाराने दिलेली माहिती खरी असली पाहिजे, आणि ती खरी दिल्यानंतर गुन्ह्याचे स्वरूप व नोकरीचे स्वरूप पाहून मालकाने निर्णय घ्यायचा, असा त्या निकालाचा रोख आहे. लपवलेली शिक्षा पुढे चारित्र्य पडताळणीत उघड झाली, तर मूळ गुन्ह्यापेक्षा लपवण्याचाच दोष मोठा ठरतो. त्या काळात त्याने जे शिक्षण घेतले ते शिक्षणाच्या रकान्यात वर्षांसह लिहावे. तो काळ रिकामा गेलेला नाही.

पासपोर्टबद्दल लोक सांगतात ते अर्धवट आहे. 1967 च्या पासपोर्ट कायद्याच्या कलम 6 नुसार, अर्जाच्या तारखेपूर्वीच्या पाच वर्षांत नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात दोषी ठरून किमान दोन वर्षांची कैद झाली असेल, तर पासपोर्ट नाकारता येतो. ही पाच वर्षे शिक्षा सुनावल्याच्या तारखेपासून मोजायची असतात, सुटकेच्या तारखेपासून नव्हे. शिवाय शिक्षेपूर्वी कोठडीत गेलेले दिवस शिक्षेत वजा होत असल्यामुळे अटकेची, निकालाची आणि सुटकेची तारीख वेगवेगळी असते. त्यामुळे निकालाची प्रत हातात घेऊन, तारीख पाहूनच हिशेब करावा. कदाचित मुदत संपली असेल किंवा संपायला थोडेच दिवस उरले असतील. दुसरा एखादा फौजदारी खटला प्रलंबित असेल तर मात्र त्या न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. एवढे करूनही जहाज कंपन्या पोलिसांचा दाखला मागतात आणि काही देशांचे व्हिसाचे अर्ज शिक्षेविषयी स्वतंत्रपणे विचारतात. म्हणून बोटीचे स्वप्न त्याने जपावे, पण तोवर हातात दुसरे एखादे काम असू द्यावे. जवळच्या आयटीआयमधील वेल्डिंग, वातानुकूलन किंवा विजेच्या कामाचा अभ्यासक्रम किनाऱ्यावरही उपयोगी पडतो आणि जहाजावरही.

राहिला प्रश्न माफीचा. भावाने आपणहून त्यांच्या दारात जाऊ नये. ज्याने मार खाल्ला त्याच्या दृष्टीने, ज्याच्यामुळे रक्त सांडले तो माणूस अचानक उंबऱ्याशी येणे हीच एक धमकी ठरू शकते, मग येणाऱ्याचे मन कितीही स्वच्छ असो. पंचायतीत सर्वांसमोर समेट घडवून आणण्याचा आग्रह गावातली मंडळी करतील. तोही टाळावा, कारण अशा समेटात जखमी माणसाला नाही म्हणायची मोकळीक उरत नाही. न्यायालयाने भरपाई ठरवली असल्यास आणि ती बाकी असल्यास आधी ती चुकती करावी. त्यानंतर दोन्ही घरांचा विश्वास असलेल्या एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीमार्फत, भाऊ भेटायला तयार आहे, एवढाच निरोप द्यावा. पलीकडून उत्तर आले नाही तर तो त्यांचा अधिकार आहे, असे समजून थांबावे.

प्रश्न : मुलाच्या अभियांत्रिकी शिक्षणासाठी मी कर्ज काढले आहे. कायदा मोडून आत गेलेल्याला मात्र शुल्क माफ, हे मला पटत नाही. अशा शिक्षणाने गुन्हे खरोखर कमी होतात, याला काही आधार आहे का? — एक पालक, फोंडा

उत्तर : आपली चीड मी समजू शकतो, आणि आपल्या मुलाचे शिक्षण स्वस्त व्हावे या मागणीला माझा पूर्ण पाठिंबा आहे. मात्र कैद्याचे शुल्क वसूल केल्याने आपले कर्ज कमी होणार नाही, कारण हे अभ्यासक्रम दूरशिक्षणाचे असून त्यांचे शुल्क अभियांत्रिकीच्या शुल्काच्या जवळपासही जात नाही.

आधाराविषयी सांगायचे तर सर्वाधिक उद्धृत होणारा अभ्यास अमेरिकेतील रँड या संस्थेने 2013 मध्ये प्रसिद्ध केला. आधीच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित विचार करून तिने असे मांडले की, तुरुंगात शिक्षण घेतलेले कैदी पुन्हा गुन्ह्यात सापडण्याचे प्रमाण (सापडलेल्यांचे न सापडलेल्यांशी गुणोत्तर) शिक्षण न घेतलेल्यांच्या मानाने 43 टक्क्यांनी कमी होते, आणि शिक्षणावर खर्च झालेल्या एका डॉलरमागे पुढच्या तीन वर्षांत पुन्हा कैदेत ठेवण्याचे चार ते पाच डॉलर वाचत होते. यावर एक रास्त आक्षेप असा की, जो मुळात सुधारू इच्छितो तोच वर्गात बसतो, मग श्रेय शिक्षणाला का द्यावे? तो आक्षेप लक्षात घेऊनच हा 43 टक्क्यांचा आकडा अधिक काटेकोर पद्धतीने केलेल्या अभ्यासांवरून काढलेला आहे. त्याच देशाने 1994 मध्ये कैद्यांना उच्च शिक्षणासाठी मिळणारे पेल अनुदान बंद केले होते आणि 2023 मध्ये ते पुन्हा सुरू केले. तेथील सरकारी आकड्यांनुसार 2005 मध्ये 30 राज्यांतून सुटलेल्यांपैकी सुमारे 68 टक्के लोकांना तीन वर्षांच्या आत पुन्हा अटक झाली. अटक म्हणजे दोषसिद्धी नव्हे, हे ध्यानात ठेवूनही तो आकडा भयंकर आहे.

अमेरिकेचे हे आकडे गोव्याला जसेच्या तसे लावू नयेत. आपल्या तुरुंगांची रचनाच निराळी आहे. 2022 च्या अखेरीस देशातील तुरुंगांत 5,73,220 कैदी होते आणि त्यांपैकी 4,34,302 कच्चे कैदी होते, म्हणजे चारांतील तिघांचा गुन्हा अद्याप सिद्धच झालेला नव्हता. आत गेलेल्याने कायदा मोडलेलाच असतो, हे आपल्या पत्रातील गृहीतक येथेच ढासळते. शिक्षणाची खरी अडचणही येथेच आहे. तीन वर्षांचा अभ्यासक्रम शिक्षा झालेल्या कैद्याला जमतो. कच्च्या कैद्याला उद्या जामीन मिळेल की दोन वर्षांनी, हे कोणीच सांगू शकत नाही, म्हणून तो कोठेच नाव घालत नाही. फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, कलम 479 मुळे पहिल्यांदाच आरोपी झालेल्याला, जन्मठेप किंवा फाशीची तरतूद नसलेल्या गुन्ह्यात, कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ कोठडीत गेल्यावर जामिनाचा मार्ग खुला होतो. तरीही तोपर्यंतचे महिने रिकामेच जातात. त्यांच्यासाठी साक्षरता, हिशेब, संगणकाची ओळख, वाहनदुरुस्ती असे थोडक्या आठवड्यांत पुरे होणारे आणि अर्धवट राहिले तरी बाहेर पुढे चालू ठेवता येणारे वर्ग हवेत. पदवीदानाची छायाचित्रे वृत्तपत्रांत येतात. या वर्गांची कधी येत नाहीत, आणि म्हणून त्यांच्याकडे कोणाचे लक्षही जात नाही.

केवळ पुस्तकी शिक्षण पुरते, असे मी म्हणणार नाही. 1939 मध्ये औंध संस्थानाने आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही खुली वसाहत उभी केली. तेथे कैदी कुटुंबासह राहून शेती करत. स्वतःच्या घामाने घर चालवण्याची जबाबदारी शिक्षा चालू असतानाच त्यांच्यावर आली, आणि तेथून सुटलेल्याला संसार कसा चालवावा हे नव्याने शिकावे लागत नसे. गोव्यासारख्या छोट्या राज्यात, जेथे कारागृहापासून कोणतेही गाव काही तासांच्या अंतरावर आहे, सुटकेच्या आधीचे काही महिने अशा पद्धतीने घालवणे सहज शक्य आहे. आपण करदाते म्हणून प्रश्न विचारणार असाल तर हा विचारावा.

प्रश्न : माझे म्हापशात गाड्यांचे गॅरेज आहे. अमली पदार्थांच्या प्रकरणात शिक्षा भोगून आलेला एक तरुण कामासाठी आला आहे. हाताला चांगला आहे. त्याला ठेवावे का, आणि ठेवल्यास इतर कामगारांना सांगावे का? — एक व्यावसायिक

उत्तर : ठेवावे. मात्र प्रकरण सेवनाचे होते की विक्रीचे, हे निकालाची प्रत मागून पाहावे. ऐकीव माहितीवर जाऊ नये. सेवनाचे असेल तर उपचार चालू आहेत का, हे मोकळेपणाने विचारावे. बांबोळीच्या मनोविकार रुग्णालयात व्यसनमुक्तीचे उपचार मिळतात. तेथे जाण्यासाठी लागणारी सुट्टी आणि न्यायालयाची एखादी तारीख असल्यास तो दिवस त्याला बिनतक्रार द्यावा. नेमणुकीचे पत्र लेखी द्यावे, पगार बँकेतून करावा, आणि त्याच कामासाठी इतरांना जे देता तेच त्याला द्यावे. गरजू आहे म्हणून कमी पगारात राबवून घेणे, किंवा त्याची मूळ कागदपत्रे आपल्या कपाटात ठेवणे, हे करू नये.

इतर कामगारांना सांगण्याचे कारण नाही. सांगायचे की नाही, ते त्याने ठरवावे. आणखी एक गोष्ट आपल्याला लवकरच दिसेल. शिक्षा भोगून आलेले एक गृहस्थ माझ्याकडे सल्ल्यासाठी आले होते. दार उघडे होते, समोर खुर्ची होती, तरी मी दोनदा "या, बसा" म्हणेपर्यंत ते उंबऱ्याबाहेर हात मागे बांधून उभेच होते. आपल्या गॅरेजमध्येही तो तरुण एक काम संपल्यावर सांगेपर्यंत दुसऱ्याला हात लावणार नाही. कामगार त्याला आळशी म्हणतील. आपण तसे समजू नये. पुढचे काम काय आहे ते रोज सकाळी सांगून टाकावे, म्हणजे काही आठवड्यांत तो स्वतःहून हात घालू लागेल.

प्रश्न : सतराव्या वर्षी माझ्या मुलावर चोरीचे प्रकरण झाले होते. बाल न्याय मंडळाने समज देऊन ते निकाली काढले. आता तो हॉटेलात नोकरीचा अर्ज करतो आहे. ते सांगावे लागेल का? — एक आई, काणकोण

उत्तर : नाही. 2015 च्या बाल न्याय कायद्याच्या कलम 24 नुसार अशा निकालामुळे मुलाला कोणतीही अपात्रता येत नाही आणि अपिलाची मुदत संपल्यावर नोंदी नष्ट करायच्या असतात. सोळा वर्षांवरील मुलावर अतिगंभीर गुन्ह्यात प्रौढ म्हणून खटला चालला असेल तर गोष्ट वेगळी. आपल्या मुलाच्या बाबतीत तो प्रश्न नाही. कलम 74 नुसार निकाली निघालेल्या प्रकरणाची माहिती पोलिसांनी चारित्र्याच्या दाखल्यासाठीही देता कामा नये. तरीही पडताळणीत ते प्रकरण वर आलेच, तर मंडळाच्या आदेशाची प्रमाणित प्रत घेऊन जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. महिलांना तेथे उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो, म्हणून अर्ज आपण स्वतःच्या नावाने करावा.